गुणाढ्याचीं उरलेलीं पानें

पैठणास सातवाहन राजाच्या पदरीं गुणाढ्य नांवाचा पंडित होता. एका पैजेंत तो हरला आणि पैजेप्रमाणें संस्कृत, प्राकृत व देशभाषा या तिन्ही भाषा त्यानें सोडल्या. उरली ती पिशाचांची भाषा. विंध्याच्या अरण्यांत राहून ती त्यानें आत्मसात केली आणि सात वर्षें खपून, शाईच्या अभावीं स्वतःच्या रक्तानें, सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहून काढली. शिष्य ग्रंथ घेऊन दरबारांत गेले. राजाला ती भाषा रानटी वाटली, रक्ताचीं अक्षरें ओंगळ वाटलीं, आणि त्यानें ग्रंथ परत धाडला. तेव्हां गुणाढ्यानें एका टेकडीवर अग्निकुंड पेटविलें आणि एकेक पान मोठ्यानें वाचून तो तें आगींत टाकूं लागला. अरण्यांतले पशु चरणें सोडून भोंवतीं जमले आणि डोळ्यांत पाणी आणून ऐकत उभे राहिले. इकडे राजाच्या ताटांतील मांस नीरस लागूं लागलें, राजा आजारी पडला, चौकशी झाली, आणि शिकाऱ्यांनीं घडला प्रकार सांगितला. राजा धांवत त्या टेकडीवर गेला, तोंवर सहा लाख श्लोकांची राख झाली होती. एक लाख उरले.

अकराव्या शतकांत काश्मीरच्या सोमदेवानें 'कथासरित्सागरा'च्या आरंभीं ही हकीकत सांगितली आहे. ती इतिहास म्हणून कोणी घेत नाहीं, घेऊंहि नये. परंतु अद्भुत कथांच्या वाचकाला तिचें मोल फार वाटतें. अद्भुत म्हटलें कीं आज ऑक्सफर्ड, हॉलिवूड आणि जपान हीं नांवें निघतात. आणि या कथांच्या आद्य लेखकाला दंतकथेनें गोदावरीच्या कांठीं, मराठी मुलखांत वसविलें आहे, हें त्या वाचकाला सहसा कोणी सांगितलेलें नसतें.

पुण्यांत असा वाचक दुर्मिळ नाहीं. अप्पा बळवंत चौकांतील दुकानांत तो पुस्तकें चाळतांना आढळतो, नव्या चित्रपटाचा पहिला खेळ चुकवीत नाहीं, आणि घरांतील दिवे मालवल्यावर संगणकाच्या पडद्यापुढें बसून एखाद्या असुराशीं दोन दोन तास झुंजतो. वय तिशीचें, नोकरी चांगली, वाचन पुष्कळ. तरीहि घरांतील वडील मंडळी त्याला विचारतात, "अजून राक्षसांच्याच गोष्टी का रे वाचतोस?" त्याला उत्तर सुचत नाहीं. विचारणारांनीं स्वतः लहानपणीं त्याच गोष्टी ऐकलेल्या असतात. पण त्या लहानपणींच ठेवून पुढें यावयाचें, असा सुशिक्षित घरांतील रिवाज आहे. देवाच्या नांवानें आलेलें अद्भुत मात्र त्या घरांत केव्हांहि चालतें. आक्षेप आहे तो देवाची चिठ्ठी न आणतां आलेल्या अद्भुतावर.

हा रिवाज फार जुना नव्हे. सॉक्रेटिसाचें चरित्र लिहिणाऱ्या कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं १८६१ पासून अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठींत आणल्या. असल्या कामानें आपल्या विद्वत्तेस बाध येतो, असें त्यांना वाटलें नाहीं. त्याच सालीं हळब्यांची 'मुक्तामाला' आली, १८६८ सालीं रिसबुडांची 'मंजुघोषा' आली, आणि मराठी कादंबरीचें बाळपण अशा अद्भुतरम्य कथांतच गेलें. मग हरिभाऊ आपट्यांचा काळ आला. १८९० च्या सुमारास 'पण लक्षांत कोण घेतो' मधील यमूचें दुःख ज्या घराघरांतून वाचलें गेलें, त्या घरांना राजपुत्र आणि जादूचे महाल खोटे वाटूं लागले, यांत आश्चर्य नाहीं. तें व्हावयास हवेंच होतें. यमूला तिचें पुस्तक मिळालें हें मराठीचें भाग्य. पण त्या भाग्याबरोबर एक समज रूढ झाला, कीं गंभीर लेखकानें अद्भुताला हात लावूं नये. वास्तवाला पाट मिळाला आणि अद्भुताची रवानगी मुलांच्या खोलींत झाली.

आतां कोणी म्हणेल, अद्भुत म्हणजे मनाला येईल तें घडविणें. त्यांत गांभीर्य कसलें? येथें वेताळाची साक्ष काढावी. गुरुवार पेठेचें जुनें नांव वेताळ पेठ, आणि पश्चिमेकडील ज्या टेकडीवर अर्धें पुणें पहांटे फिरावयास जातें तिचें नांव वेताळ टेकडी. तेव्हां हा साक्षीदार परका नव्हे. वेताळ पंचविशींत वेताळ झाडावर लोंबकळणाऱ्या प्रेतांत शिरतो, राजाच्या खांद्यावर बसून बोलतो, हें सारें अशक्य खरें. पण त्या अशक्याला किती कडक नियम आहे! राजानें मौन धरून चालावयाचें. वेताळ गोष्ट सांगून शेवटीं प्रश्न टाकणार. उत्तर ठाऊक असून राजा बोलला नाहीं तर त्याच्या मस्तकाचीं शकलें होणार, आणि बोलला तर मौन मोडलें म्हणून वेताळ पुन्हां झाडावर जाणार. शहाणपण लपविलें तर मरण, दाखविलें तर पुन्हां पहिल्यापासून पायपीट. कोणत्याहि न्यायालयांत यापेक्षां अवघड पेंच क्वचितच पडला असेल. पुराणांतील वरांचेंहि तसेंच. हिरण्यकशिपूला वर मिळतो तो अटींसकट, आणि त्याचें मरण नेमक्या त्या अटींच्या फटींतून, उंबऱ्यावर, तिन्हीसांजेला येतें.

ऑक्सफर्डचे प्राध्यापक टॉल्किन यांनीं १९३९ सालीं स्कॉटलंडमध्यें परीकथांवर एक व्याख्यान दिलें. त्यांत त्यांचा मुद्दा थोडक्यांत हाच होता, कीं कल्पित जगाला आंतून सुसंगति हवी, तरच वाचक त्या जगांत असेतोंवर त्यावर विश्वास ठेवतो. अद्भुताचा खरा चाहता चमत्कार मोजीत नाहीं. चमत्काराचा नियम काय आणि त्याची किंमत कोणीं मोजली, एवढेंच तो पाहतो. अलीकडचीं पुस्तकें, चित्रपट आणि खेळ त्यानें याच काट्यावर तोलले तर हातीं काय लागतें?

पुस्तकांपासून आरंभ करणें बरें. टॉल्किन यांची तीन खंडांची महाकादंबरी मुग्धा कर्णिक यांनीं 'स्वामी मुद्रिकांचा' या नांवानें मराठींत आणली, आणि ती पुण्यांतच छापली गेली. मूळ इंग्रजी खंड १९५४-५५ चे; म्हणजे मराठीनें या पाहुण्याला अर्ध्या शतकाहून अधिक काळ दारांत उभें ठेवलें. नांवांतील 'मुद्रिका' हा शब्द मात्र विचार करावयास लावणारा आहे. अंगठी म्हटलें असतें तर लग्नकार्य आठवलें असतें. मुद्रिका म्हणतांच मारुतीनें अशोकवनांत सीतेपुढें टाकलेली रामाची खूण आठवते, माशाच्या पोटांतून निघालेली दुष्यंताची अंगठी आठवते. या दोन्ही मुद्रिका ओळख पटविणाऱ्या. दुरावलेल्यांना त्या पुन्हां एकत्र आणतात. टॉल्किन यांची मुद्रिका नेमकी उलट. ती बोटांत घालणारा दिसेनासा होतो, आणि पुढें पुढें स्वतःलाहि ओळखेनासा होतो. मराठी वाचक रामायणाची आठवण मनांत घेऊन ग्रंथ उघडतो आणि पानोपानीं त्या आठवणीचा विपर्यास पाहतो. इंग्रज वाचकाला हा धक्का मिळत नाहीं. भाषांतरानें मूळाचें कांहीं गमावतें, हें नेहमीं ऐकूं येतें; येथें मराठीनें पदरचें कांहीं घातलें आहे.

रोलिंगबाईंच्या हॅरी पॉटरच्या पहिल्या भागाला मराठींत 'परीस' आला. शब्द घरचा आहे, मुलांना सहज कळतो. पण परीस लोखंडाचें सोनें करून थांबतो. त्या कादंबरींतील दगड अमरत्वहि देतो, आणि कथेंतील दुष्टाचा सारा जीव सोन्यावर नसून त्या दुसऱ्या गुणावरच आहे. मराठींत त्या गुणाचें नांव अमृत. तो वेगळ्या कलशांत राहतो. तेव्हां मराठी नांवानें दगडाचा अर्धा भाग उचलला आणि महत्त्वाचा अर्धा खालीं राहिला. तरीहि दुसरें नांव काय द्यावें, हें ठरविणें सोपें नाहीं.

भाषांतरें झालीं, पण पुण्याचा स्वतःचा अद्भुतकार कोण, असें विचारल्यास बहुतेक जण नारायण धारपांचें नांव घेतील. १९२५ सालीं जन्मलेल्या आणि २००८ सालीं पुण्यांत निवर्तलेल्या या लेखकाचें शिक्षण रसायनाच्या तंत्रशाखेंतलें, आणि लेखन भयकथांचें. स्टीफन किंग यांच्या रक्तपिपासूंना त्यांनीं 'लुचाई'मध्यें मराठी वस्तींत आणून सोडलें. त्यांच्या एका कादंबरीचें नांव नुसतें '४४० चंदनवाडी' आहे. पोस्टमननें वाचावा असा पत्ता! धारपांची सारी करामत या पत्त्यांत आहे. भय दूरच्या गढींत न ठेवतां त्यांनीं तें घरक्रमांक असलेल्या जागेंत ठेवलें. त्यांचीं पुस्तकें वाचनालयांतून हातोहातीं फिरलीं, पानें सुटेपर्यंत वाचलीं गेलीं, आणि वाङ्मयाच्या चर्चेंत मात्र त्यांना फारसें कोणीं बोलावलें नाहीं. त्यांचें सगळेंच लेखन सारख्या तोलाचें नाहीं, हें त्यांच्या चाहत्यानेंहि मान्य करावें. घाईनें लिहिलेलें पुष्कळ आहे. पण ज्या अर्ध्या डझन पुस्तकांवर तो चाहता पैज लावील, त्यांत चमत्काराचा नियम क्वचितच मोडलेला दिसतो.

धारपांचें ऋण चित्रपटानें फेडलें. ऑक्टोबर २०१८ मध्यें आलेल्या राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'चें बीज धारपांच्या एका कथेंत आहे, असें दिग्दर्शकांनींच सांगितलें आहे, नांव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून सुचलेलें. कथा १९१८ पासून देश स्वतंत्र होईपर्यंतची. पुण्यास राहणारा विनायकराव वरचेवर घाट उतरून पावसानें झोडपलेल्या एका पडक्या वाड्यांत जातो आणि मूठभर सोन्याचीं नाणीं घेऊन परततो. तेथें विहिरीच्या तळाशीं देवीच्या उदरांत हस्तर नांवाचा तिचा थोरला पुत्र कोंडलेला आहे. सोनें त्याला मिळालें, धान्याला त्यानें हात घातला तों इतर देव त्याच्यावर तुटून पडले. आईनें त्याला वांचविलें तें या अटीवर, कीं त्याची पूजा कोणी करणार नाहीं, त्याचें नांव कोणी घेणार नाहीं. म्हणून त्याच्याजवळ अपार सोनें आहे आणि त्याची भूक मात्र युगांची आहे. विनायकराव कणकेची बाहुली खालीं टाकतो, हस्तर खाण्यांत गुंतला कीं त्याच्या लंगोटांतून नाणीं ओढतो, आणि पिठाचें रिंगण ओलांडूं देत नाहीं.

असा देव कोणत्याहि पुराणांत शोधून सांपडणार नाहीं. तो रचलेला आहे. तरी प्रेक्षक त्यावर विश्वास ठेवतो, कारण त्याची भूक पिठाची आहे. आकाशांतून वीज पाडणारा राक्षस पाहून कोणाच्या अंगावर कांटा येत नाहीं. कणीक मळणारा माणूस, आणि ती कणीक कोणासाठीं मळली जात आहे हें ठाऊक असणें, यानें येतो. शिवाय हिशेब चोख आहे. विनायकरावानें आणलेलें प्रत्येक नाणें पुण्याच्या घरांत कांहींतरी सडवितें, आणि लोभाचा शेवटला धडा त्याचाच मुलगा गिरवूं पाहतो. सप्टेंबर २०२४ मध्यें हा चित्रपट पुन्हां पडद्यावर आला, तेव्हां पहिल्या खेपेहून अधिक लोकांनीं तिकिटें काढलीं. सहा वर्षें तो तोंडोतोंडीं पसरत राहिला होता.

त्याच वर्षीं जूनमध्यें आदित्य सरपोतदार यांचा 'मुंज्या' आला. मुंज होऊन सोडमुंज होण्यापूर्वीं मेलेल्या मुलाचें भूत पिंपळावर राहतें, हें कोंकणांत आणि देशावर कोणत्याहि आजीला ठाऊक होतें. त्या भुताची अपुरी राहिलेली इच्छा लग्नाची, हा त्या समजुतींतला कारुण्याचा भाग. चित्रपटानें तो ओळखला आहे, आणि समुद्रकांठच्या झाडाचीं मुळें दाखवितांना त्याचा हात स्थिर आहे. पुढें गडबड फार होते. संगणकानें घडविलेला मुंज्या इतका बोलका आणि उड्या मारणारा आहे, कीं अकाली मेलेल्या मुलाबद्दल वाटावयाची कणव हंशांत वाहून जाते. प्रेक्षागृहें भरलीं, पण पिंपळाखालून एकटें जाण्याची भीति कोणाला वाटली असेल, असें वाटत नाहीं.

दोन्ही चित्रपटांत एक गोष्ट समान आहे. नायक पुण्यांत राहतो, आणि अद्भुत घाटाखालीं कोंकणांत. पुणें म्हणजे दिवाबत्तीचें, धंद्याचें, सुरक्षित गांव. हें नगर स्वतःविषयीं असेंच समजतें, तेव्हां चित्रकर्त्यांना दोष कां द्यावा? पण पडद्यावरील अद्भुताचा संसार एके काळीं येथेंच थाटलेला होता. फाळक्यांनीं १९१९ सालीं 'कालिया मर्दन'मध्यें आपल्या मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण करून कालियाच्या फणीवर उभें केलें. शांतारामबापूंनीं १९३२ सालीं 'मायामच्छिंद्र'मध्यें स्त्रीराज्य उभारलें आणि शेवटीं तें सारें गुरूची माया ठरवून पुसून टाकलें. पुढल्या वर्षीं प्रभात कंपनी कोल्हापूर सोडून पुण्यास आली, आणि १९३६ सालीं तिच्या 'संत तुकारामां'तील विमान याच गांवांतून वैकुंठास निघालें. प्रभातच्या त्या जागेंत १९६० पासून चित्रपटाचें शिक्षण देणारी संस्था आहे, आणि १९६४ सालीं पुण्यांतच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें. जानेवारी २००३ मध्यें तेथल्या जुन्या नायट्रेटच्या फितींना आग लागली. नायट्रेटची फीत भडकली कीं विझवितां येत नाहीं. शेंकडों चित्रपटांच्या जुन्या फिती गेल्या, प्रभातच्याहि त्यांत होत्या. कांहींच्या प्रती आधींच दुसऱ्या, न भडकणाऱ्या फितीवर उतरवून ठेवलेल्या होत्या, म्हणून तेवढे चित्रपट वांचले. गुणाढ्याची गोष्ट पुण्याच्या वाचकाला जवळची वाटते, त्याला हेंहि एक कारण आहे.

राहिले खेळ. वडील मंडळींचा आक्षेप येथें सर्वांत तीव्र असतो, आणि बहुतेक खेळांच्या बाबतींत तो खराहि आहे. परंतु २०२० सालीं जगभर प्रसिद्ध झालेला 'राजी' हा खेळ पुण्यांतील एका लहान चमूनें केला आहे, हें त्यांच्या कानांवर घालावें. खेळाचें नांव नायिकेचें. रक्षाबंधनाच्या दिवशीं असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवितात आणि ती त्याला शोधावयास निघते. डोंबाऱ्यांसारख्या कसरती करणारी पोर, हातीं दुर्गेनें दिलेला त्रिशूळ. भोंवतालचे महाल राजस्थानच्या धर्तीचे, रंग पहाडी चित्रांचे. मधल्या हकीकती छायाबाहुल्यांच्या रीतीनें सांगितल्या आहेत. २०१७ सालीं या चमूनें लोकवर्गणीनें पैसे जमविण्याचा प्रयत्न केला होता आणि तो फसला होता. तरी तीन वर्षांनीं खेळ पुरा झाला, आणि पहिल्या कृतीसाठीं असलेल्या एका मोठ्या जागतिक पारितोषिकाच्या अखेरच्या यादींतहि तो बसला.

चाहत्याच्या काट्यावर तो पूर्ण उतरतो असें नाहीं. देव राजीला शस्त्रें देतात तीं फार सहज, अटीवांचून. पुराणांतला कोणताहि जाणता देव इतका उधळा नसता. कथा शेवटीं तुटल्यासारखी संपते. निवेदन प्रथम इंग्रजींतच आलें. 'तुंबाड' आणि 'मुंज्या' हिंदींत बोलतात, 'राजी' इंग्रजींत. मराठी मातीचें किंवा मराठी गांवांत घडलेलें हें अद्भुत मराठी सोडून इतर भाषांत पोट भरतें, ही सल चाहत्याच्या मनांत राहते. पैसा मोठा लागतो आणि मोठ्या पैशाला मोठी बाजारपेठ हवी, हें कारण त्याला समजतें. गुणाढ्याचें उलट झालें होतें; त्यानें भाषा पिशाचांची निवडली आणि ऐकावयास हरणें आलीं.

'राजी'मध्यें वाटेंत ठिकठिकाणीं भिंतींवर चित्रें आहेत. लढाई थांबवून त्यांपुढें उभें राहिलें कीं त्या त्या देवतेची कथा ऐकूं येते. ऐकलीच पाहिजे अशी सक्ति नाहीं, आणि घाईचा खेळाडू पुढें निघून जातो. पण रात्रीं खेळणाऱ्या नातवाच्या मागें आजी येऊन बसली, तर तिला इंग्रजी निवेदन कळलें नाहीं तरी चित्रांतील देवी कळते. ती म्हणते, "थांब जरा, हें पुढें असें झालें," आणि सांगूं लागते. राजी तेवढा वेळ त्रिशूळ टेकून भिंतीपाशीं उभी असते.